पानं भरपूर पण फूल नाही: पार्ल्यातल्या एका बाल्कनीतल्या डे लिलीची केस

ही केस पार्ले पूर्वेतल्या एका घरातली आहे. घरातल्यांना विचारूनच लिहितेय, फक्त ओळख पटेल असे तपशील काढून टाकलेत. ज्यांची झाडं त्यांना इथे नुसतं काकू म्हणते, प्रत्यक्षातही तेच म्हणते. मुंबईत डे लिली (लांब पानांचं, लिलीसारख्या मोठ्या फुलांचं झाड) लावणारे हल्ली बरेच भेटतात आणि बहुतेकांची तक्रार एकच असते, पानं मस्त येतात पण फूल काही येत नाही. म्हणून एका घरात नेमकं काय झालं, काय काय ठरवलं आणि का ठरवलं, ते सुरुवातीपासून नीट लिहून ठेवतेय.

पार्श्वभूमी

तीन मजली जुनी बिल्डिंग, लिफ्ट नाही, काकू दुसऱ्या मजल्यावर. शाळेत शिकवायच्या, आता रिटायर झाल्यात, गुडघे दुखतात म्हणून जिने चढणं-उतरणं अगदी मोजकं. घरात मुलगा, सून आणि चौथीतली नात. बाल्कनी दक्षिणेला, ग्रिल बाहेर काढलेलं, त्यात तुळस, गवती चहा, मोगरा आणि एक जुनी फुटबॉल लिली, जी वर्षातून एकदा मे महिन्यात लाल गोळा फुलवते आणि मग परत वर्षभर गप्प. काकूंना अशी वाट बघायला लावणारी झाडं फार आवडतात.

शिमल्याच्या ट्रिपला त्यांनी एका बंगल्याच्या कुंपणाला केशरी डे लिलीची रांगच्या रांग बघितली आणि तिथेच ठरवलं की ही घरी हवी. आल्यावर तीन झाडं जमली. एक केशरी, पार्ल्यातल्याच एका नर्सरीतून, पाटी वगैरे काही नाही. दुसरं बुटकं पिवळं, ऑनलाइन मागवलेलं, त्यावर ‘स्टेला डी ओरो’ असं लेबल. तिसरं गडद मरून, पुतणीने बंगळुरूहून आणून दिलेलं. शिवाय निळ्या डे लिलीच्या बियांचं एक पाकीटही ऑनलाइनच घेतलं होतं, त्यातून नुसतं गवत उगवलं. हे इथेच सांगून टाकते की खरी निळी डे लिली अजून कोणालाच तयार करता आलेली नाही, जांभळ्याच्या छटा खूप आहेत पण आकाशी निळी दाखवणारा फोटो हा रंगवलेलाच असतो, त्यात पैसे घालवू नका.

अडचण

दोन वर्षं गेली, तिन्हींपैकी एकालाही फूल नाही. काकूंनी मला फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, “अगं, पानं बघ किती हिरवीगार आहेत, मग फुलाचा दांडा का येत नाही?”

मी जाऊन बघितलं. केशरीची पानं खरंच दाट होती, लांब, कमानीसारखी वाकलेली, गर्द हिरवी. मरूनही बरं होतं. पिवळ्याची मात्र रया गेलेली, आणलं तेव्हा पानांचे चार-पाच फॅन होते (डे लिलीत पानं पंख्यासारखी समोरासमोर येतात, त्या एका जुडग्याला फॅन म्हणतात), आता दोनच उरले होते आणि तेही बारीक.

तोपर्यंत घरात बरेच उपाय झाले होते. सोसायटीचा माळी म्हणाला खत कमी पडतंय, म्हणून १९-१९-१९ (नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅश सारख्या प्रमाणात असलेलं खत) दर आठवड्याला. व्हिडिओ बघून कांद्याच्या सालींचं पाणी, चहाची पत्ती. सुनेने सांगितलं की आई कुंडी बदलून बघू, म्हणून मोठ्या कुंड्या. आणि काकूंचं स्वतःचं एक लॉजिक होतं, फुटबॉल लिलीला जशी हिवाळ्यात विश्रांती देतात, पाणी तोडतात, तशीच यांनाही दिली, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत जवळजवळ कोरडं ठेवलं.

हे शेवटचं खूप घरांत होतं कारण नावात लिली आहे. पण फुटबॉल लिलीला कांद्यासारखा कंद असतो, डे लिलीला कंदच नसतो. तिला असतात जाड, मांसल मुळं आणि त्यांच्यावर एक गाभा ज्याला क्राउन म्हणतात, तिथूनच पानं आणि दांडा दोन्ही निघतात. मुळांत पाणी-अन्न साठतं म्हणून ती दुष्काळ सोसते हे खरं, पण जी जात मुंबईच्या हिवाळ्यात हिरवी राहतेय तिची पानं त्याच काळात फुलांसाठी साठा करत असतात, तेव्हाच पाणी तोडलं तर नुकसानच. तर पाणी पहिल्या दिवसापासून परत सुरू केलं आणि १९-१९-१९ बंद, कारण सतत नायट्रोजन मिळाला की झाड पानंच काढत बसतं.

पण एवढ्याने दोन वर्षांचं उत्तर मिळत नव्हतं.

कारण शोधताना

मी काकूंना विचारलं ऊन किती तास येतं. त्या म्हणाल्या, “भरपूर, सकाळी नऊपासून चारपर्यंत, मी वहीत लिहून ठेवलंय.” वही बघितली, नोंद बरोबर होती, सात तास. डे लिलीला सहा तास पुरतात. पण नोंदीची तारीख जानेवारीची होती.

या केसमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, त्यामुळे जरा सविस्तर सांगते. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, डिसेंबरात भर दुपारीसुद्धा तो आकाशात निम्म्याच उंचीवर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन पार आत हॉलच्या लादीपर्यंत येतं. मग फेब्रुवारी-मार्चपासून तो वर वर सरकतो, एप्रिलमध्ये दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर, आणि मेच्या मध्यात तर बरोब्बर डोक्यावर, ज्याला आपण शून्य सावली दिवस म्हणतो तो तेव्हाच येतो, आणि परत जुलैच्या शेवटी. या मधल्या काळात भर दुपारी सूर्य किंचित उत्तरेला असतो. म्हणजे दक्षिणेच्या बाल्कनीला वरच्या मजल्याचा स्लॅब आडवा येतो आणि ऊन रेलिंगच्या बाहेरच्या बाहेर निघून जातं.

आता डे लिलीचं टाइमटेबल बघा. आपल्याकडे तिचा दांडा येतो साधारण मार्च-एप्रिलमध्ये, फूल एप्रिल ते जून. म्हणजे जेव्हा झाडाला दांड्यासाठी सगळ्यात जास्त ऊन हवं नेमकं तेव्हाच या बाल्कनीतून ऊन गायब होतं! मी काकूंना म्हटलं, मार्चअखेर परत एकदा वही घेऊन बसा. त्या बसल्या, दर तासाला ग्रिलमध्ये कुंडीवर ऊन आहे की नाही अशी टिकमार्क. मार्चअखेर तीन तास भरले. एप्रिलमध्ये जेमतेम दीड तास, तोसुद्धा फक्त ग्रिलच्या बाहेरच्या कडेला.

पिवळ्याचं दुखणं मात्र निराळं होतं. डे लिलीच्या जाती हिवाळ्यातल्या पानांवरून ओळखतात. काही डॉर्मंट, थंडीत पानं पूर्ण वाळून जमिनीत झोपणाऱ्या, काही एव्हरग्रीन, वर्षभर हिरव्या, आणि काही अधल्यामधल्या. ‘स्टेला डी ओरो’ ही अमेरिकेत १९७५ साली नोंदलेली फार गाजलेली जात, बुटकी, परत परत फुलणारी, पण ती डॉर्मंट आहे, तिला खरी थंडी लागते. मुंबईचा हिवाळा म्हणजे रात्री १६-१७ अंश, तोही मोजके दिवस. झाडाला धड झोप नाही आणि धड जाग नाही, दर वर्षी साठा थोडा थोडा कमी होत जातो, फॅन बारीक होत जातात. काकूंच्या फोनमध्ये जुने फोटो होते, ते तारखेप्रमाणे लावले तर स्पष्ट दिसलं, दोन्ही जानेवारीत पिवळं पिवळटून झडलेलं, शेजारचं केशरी मात्र हिरवं.

म्हणजे एकाच ग्रिलमध्ये दोन वेगवेगळे प्रश्न होते आणि दोन्हींवर एकच औषध, खत, चालू होतं.

समोर असलेले पर्याय

पिवळ्याचं आधी सांगते कारण ते लवकर मिटलं. एक मार्ग होता कृत्रिम थंडीचा, झाड कुंडीतून काढून, मुळं धुऊन, किंचित ओलसर कोकोपीटमध्ये गुंडाळून पाच-सहा आठवडे फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात. काही लोक करतात. सून म्हणाली, “आई, माझी हरकत नाही, डब्यात नीट बंद करून ठेवू.” पण हे दर वर्षी करावं लागणार, दोनच फॅन उरलेल्या अशक्त झाडाची मुळं फ्रिजमध्ये सडण्याचा धोका मोठा, आणि इतकं करूनही बाल्कनीत एप्रिलचं ऊन नाहीच. दुसरा मार्ग, झाड थंडीच्या गावी द्यायचं. काकूंची बहीण नाशिकला, अंगणवालं घर. नाशिकच्या बाजूला थंडी खरी पडते, निफाडला तर पारा ५ अंशांच्या खाली गेल्याच्या बातम्या येतातच, शिवाय पाऊस मुंबईच्या मानाने कितीतरी कमी. काकूंना जीवावर आलं होतं, पण त्यांनीच शेवटी ठरवलं आणि झाड नाशिकला गेलं.

न्यू जर्सीतली भाची म्हणत होती, मावशी मी येताना चांगल्या एव्हरग्रीन जातीची मुळं बॅगेतून आणते, काय होतंय. याला मी स्पष्ट नको म्हटलं. परदेशातून झाडं आणायची तर २००३ च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरप्रमाणे आधी इम्पोर्ट परमिट आणि तिकडच्या सरकारी खात्याचं झाड निरोगी असल्याचं सर्टिफिकेट लागतं. आणि हा नुसता कागदाचा विषय नाहीये, डे लिलीवर तांबेरा पडतो, पक्सिनिया हेमेरोकॅलिडिस नावाची बुरशी, ती अमेरिकेत २००० साली पहिल्यांदा सापडली आणि आयात रोपांबरोबर आलेली ही बुरशी बघता बघता किती राज्यांत पसरली. दमट, उबदार हवा तिला फार मानवते. मुंबईत याहून वेगळं काय आहे? भाचीला वाईट वाटलं, पण काकूंना पटलं.

आता केशरी आणि मरून. यांना एप्रिल-मेचं ऊन कुठे द्यायचं?

खाली कंपाउंडच्या भिंतीलगत मातीची पट्टी आहे, माळी म्हणाला तिथे लावू, मस्त पसरेल. ऊन सकाळचं चार-पाच तास, वाईट नाही. पण त्या पट्टीत सोसायटीची मांजरं असतात, तळमजल्यावरच्या ताई त्यांना रोज खायला घालतात. डे लिली मांजरांना विषारी आहे, पान, फूल, परागकण, सगळंच, थोडं खाल्लं तरी मूत्रपिंडं निकामी होतात. गंमत म्हणजे चिनी स्वयंपाकात याच फुलांच्या वाळवलेल्या कळ्या माणसं वर्षानुवर्षं खातायत, पण मांजरांचं शरीर वेगळं, त्यांना ती मारक. काकूंनी हे ऐकलं आणि पट्टीचा विषय तिथेच संपवला. मला हा निर्णय फार महत्त्वाचा वाटतो कारण तो सगळ्यात सोपा मार्ग होता, फुकट होता, आणि कोणी विचारणारंही नव्हतं.

राहिली गच्ची. दिवसभर ऊन. पण तिथे दोन अडचणी, एक सोसायटी आणि दुसरी त्याहून मोठी, काकू स्वतः.

डे लिलीचं एक फूल एकच दिवस टिकतं. पहाटे उमलतं, संध्याकाळी मिटतं, दुसऱ्या दिवशी त्या जागी ओला लगदा असतो. एका दांड्यावर दहा-पंधरा कळ्या असतात म्हणून बहर दोन-तीन आठवडे चालतो, पण प्रत्येक फुलाला एकच दिवस. काकू म्हणाल्या, “माझे गुडघे असे, मी रोज गच्चीवर जाणार नाही. फुलं वर उमलून वरच मिटणार असतील तर मी ती लावू तरी कशाला?” यावर मुलगा म्हणाला, आई मी रोज फोटो काढून आणीन. काकू काहीच बोलल्या नाहीत. मला त्यांचं म्हणणं शंभर टक्के पटतं. झाड जगवणं हे एक, पण या फुलाच्या बाबतीत ते बघायला मिळणं हाच सगळा मुद्दा आहे.

यातून वाट निघाली ती अशी की वाढण्याची जागा आणि फुलण्याची जागा वेगळी करायची. फेब्रुवारीपासून झाड गच्चीवर, दांडा येऊन कळ्या भरेपर्यंत. कळीला रंग दिसायला लागला की खाली बाल्कनीत. तयार झालेली कळी उमलायला पूर्ण ऊन लागत नाही, उजेड पुरतो, आणि डे लिली जागा बदलली म्हणून रुसून कळ्या टाकणाऱ्यांतली नाही. उलट मरूनला याचा फायदाच, गडद रंगाची फुलं मुंबईच्या मेच्या उन्हात दुपारपर्यंत काळपट, चिकट होतात.

सोसायटीशी बोलणं

सेक्रेटरींच्या मुलाला काकूंनी शाळेत शिकवलेलं, त्यामुळे ते काकूंना बाईच म्हणतात. म्हणाले, “बाई, तुम्हाला नाही म्हणवत नाही, पण गच्ची सगळ्यांची आहे, आज तुमच्या दोन कुंड्या, उद्या कोणाच्या वीस, आणि पावसात गळलं की फोन मला येतो.” त्यांचं चुकीचं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर आधी लीकेज झालेलं, त्यावर वर्गणी काढून काम केलेलं. ओली माती भरलेली १२ इंची कुंडी १५ किलोच्या पुढे सहज जाते, आणि कुंडीखाली सतत ओल राहिली की वॉटरप्रूफिंगचा थर खराब होतोच.

काकूंनी तोंडी हो-नाहीवर न थांबता कमिटीला अर्ज दिला. त्यात आपणहून अटी घातल्या: दोनच झाडं, लोखंडी स्टँडवर, जमिनीला न टेकता, पावसाच्या पाण्याच्या तोंडापासून लांब, भिंतीलगत जिथे खाली बीम आहे तिथे, आणि ३१ मेपर्यंत खाली. परवानगी मिळाली, लेखी.

काय केलं

कुंड्यांऐवजी हँडलवाल्या ग्रो बॅगा घेतल्या, कारण जिन्यावरून न्यायचं-आणायचं होतं. मातीही बदलली. नर्सरीतली नुसती लाल माती मुंबईच्या पावसात विटेसारखी घट्ट बसते, म्हणून लाल माती, कोकोपीट, जुनं शेणखत आणि विटांचे बारीक तुकडे, वर मूठभर निंबोळी पेंड. लावताना क्राउन मातीच्या पातळीपासून फक्त बोटाच्या पेराएवढा खाली, त्याहून खोल नाही. केशरीचे फॅन इतके दाटले होते की ते दोन भागांत वेगळे केले, एक भाग सुनेच्या माहेरी बोरिवलीला गेला.

गच्चीवर पाणी रोज, संध्याकाळी, ते काम मुलाने घेतलं. खत फक्त फेब्रुवारीअखेर थोडं बोनमील (हाडांचा चुरा) आणि नंतर एकदा पोटॅशवालं. कबुतरांचा त्रास झाला, बॅगेत येऊन बसायची, म्हणून भोवती जाळी. एप्रिलच्या सुरुवातीला केशरीच्या मधल्या फॅनमधून एक जाड, गोल, हिरवा कोंब दिसला, पानं चपटी असतात त्यामुळे दांडा लगेच ओळखू येतो. मुलाने वरूनच व्हिडिओ कॉल केला. दांड्यावर मावा बसला होता तो साबणाच्या पाण्याने दोनदा धुतला.

दांडा दिसल्यापासून तीन-साडेतीन आठवड्यांनी सगळ्यात खालची कळी करंगळीएवढी झाली आणि टोकाशी हिरव्यातून केशरी डोकावायला लागलं. त्या दिवशी संध्याकाळी बॅग खाली आली, दांड्याला काठी बांधून, नात पुढे आणि “बाजू बाजू” करत. काकूंनी जागा आधीच ठरवली होती, ग्रिलच्या कोपऱ्यात, ओट्याशी उभं राहिलं की थेट दिसेल अशी.

काय झालं

दुसऱ्या रात्री झोपताना कळीच्या टोकाशी पाकळ्या किंचित सैल झालेल्या. सकाळी साडेसहाला दूध तापवताना काकूंनी बघितलं तर निम्मं उघडलेलं, आणि नातीची स्कूलबस यायच्या आधी पूर्ण. तीन पाकळ्या बाहेरच्या, अरुंद, तीन आतल्या रुंद, मधोमध एक फिकट रेघ, आत गळ्यापाशी पिवळं, तिथून सहा पुंकेसर बाहेर येऊन टोकाला वर वळलेले, आणि त्या सगळ्यांहून लांब एक स्त्रीकेसर. दुपारी पाकळ्या मागे वळल्या. संध्याकाळी सहानंतर आत गोळा व्हायला लागल्या.

काकू आणि नात दोघींनी मिळून नोंद ठेवली. त्या दांड्यावर १४ कळ्या होत्या, त्यातल्या १३ उमलल्या, एक वाटेत जिन्यावर तुटली. कधी एका दिवशी दोन, कधी एखादा दिवस रिकामा. ढगाळ दिवशी उमलायला उशीर आणि मिटायलाही उशीर, हे नातीने शोधलं, मी सांगितलेलं नव्हतं. मिटलेलं फूल रोज चिमटीने काढायचं, नाहीतर ते पुढच्या कळीला चिकटून तिला अडकवतं. नातीने दोन-तीन फुलं मुद्दाम ठेवली, बी धरतं का बघायला, पण धरलं नाही. नर्सऱ्यांत मिळणारी ही जुनी केशरी बहुतेक करून ट्रिप्लॉइड असते, गुणसूत्रांचे तीन संच, त्यामुळे बी जवळजवळ धरतच नाही, ती मुळांवरूनच पसरते.

मरूनला मेमध्ये एक दांडा आला, आठ कळ्या, सावलीत खाली आणल्यामुळे फुलं संध्याकाळपर्यंत टवटवीत राहिली. पिवळं नाशिकला पहिल्या थंडीनंतर बारीकच होतं, दुसऱ्या थंडीनंतर एप्रिलमध्ये फुललं, काकूंच्या बहिणीने फोटो पाठवला.

पावसाळ्याचा घोळ

पहिला बहर सरल्यावर मरून परत गच्चीवर गेलं होतं, तिथे मेच्या शेवटच्या आठवड्यात त्याने दुसरा दांडा काढला. अटीप्रमाणे ३१ मेला ते खाली यायला हवं होतं, पण खाली आणलं तर ऊन तुटणार आणि इतका कोवळा दांडा बसणार. काकूंनी सेक्रेटरींना विचारून दहा दिवस वाढवून घेतले. मुंबईत मान्सूनची नेहमीची तारीख ११ जूनच्या आसपासची, त्यामुळे हिशेब चुकीचा वाटत नव्हता. पण त्या वर्षी जूनच्या पहिल्याच आठवड्यात दोन रात्री जोरदार पाऊस झाला, मुलगा ऑफिसच्या कामाने बाहेरगावी, बॅग वरच राहिली आणि तळाची भोकं मुळांनी बुजलेली.

खाली आणल्यावर चार-पाच दिवसांनी बाहेरची पानं पिवळी पडली. काकूंनी एक पान धरून हलकेच ओढलं तर बुडातून सहज निघून हातात आलं, टोकाला तपकिरी बुळबुळीत, आणि सडलेल्या कांद्यासारखा वास. क्राउन रॉट, म्हणजे गाभाच सडलेला. त्यांनी लगेच फोन केला, मी गेले, झाड बाहेर काढलं, मुळं नळाखाली धुतली. तीन फॅनपैकी दोन मऊ झालेले. गरम पाण्यात उकळलेल्या सुरीने कापत कापत पांढरा, घट्ट भाग लागेपर्यंत गेलो, एक फॅन निघाला, मुळं तीन-चार. त्याला बुरशीनाशक पावडर लावून दोन दिवस पंख्याखाली सुकवला आणि मग कोरडसर कोकोपीट-परलाइटमध्ये लहान कुंडीत. तो जगला. पुढच्या उन्हाळ्यात फूल नाही दिलं, तेवढी ताकद नव्हती, पण आता परत तीन फॅन आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

ऊन मोजायचं ते झाड ज्या महिन्यात फुलतं त्या महिन्यात. काकूंनी जानेवारीत इतक्या काळजीने केलेली नोंद एप्रिलमध्ये केली असती तर दोन वर्षं वाचली असती. दक्षिणेची बाल्कनी असलेल्या प्रत्येकाला मी आता हेच आधी विचारते. उत्तरेच्या बाल्कनीला मे-जूनमध्ये थोडं ऊन मिळतं पण हिवाळ्यात अजिबात नाही, तिथे डे लिलीचा नाद नकोच. पूर्वेची सगळ्यात चांगली.

तीन झाडं एकदम घेण्यापेक्षा एक घेऊन एक हिवाळा बघता आला असता. विकत घेताना फुलाचा फोटो बघून काही कळत नाही, विकणाऱ्याला विचारायचं की डिसेंबर-जानेवारीत याची पानं राहतात का. नीट उत्तर आलं नाही तर घेऊ नये. फ्लोरिडासारख्या उष्ण भागात एव्हरग्रीन जातींवर खूप काम झालंय, त्यातलं काही आपल्याकडच्या मोठ्या नर्सऱ्यांत मिळतं, थोडं महाग पडतं.

मरूनच्या दांड्याबद्दल आमच्यात अजूनही एकमत नाही. मुलगा म्हणतो ३१ मे म्हणजे ३१ मे, एका दांड्यासाठी झाड घालवलं असतं. काकू म्हणतात दांडा आलेला असताना खाली आणणं त्यांना जमलंच नसतं. मला वाटतं, बॅग वर ठेवायची होती तर ठेवा, पण तळाची भोकं मेच्या मध्यात तपासून मोकळी करायला हवी होती आणि मुलगा गावाला जाताना दुसऱ्या कोणाला तरी सांगून जायला हवं होतं. पावसापेक्षा तुंबलेल्या पाण्याने ते सडलं, केशरीने तोच पाऊस मोकळ्या बॅगेत आरामात काढला.

आणि खतं. दोन वर्षांत घातलेल्या सगळ्या खतांचा खर्च काकूंच्या वहीत आहे, त्यात एक चांगली एव्हरग्रीन जात सहज आली असती.

सध्या

केशरी दर वर्षी फुलते, यंदा दोन दांडे होते. बोरिवलीला गेलेला भागही तिथल्या पूर्वेच्या खिडकीत फुलला. अडचण पुढच्या वर्षीची आहे, सोसायटीच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग जानेवारी ते मे चालणार असं एजीएममध्ये ठरलंय, म्हणजे नेमका झाडांचा काळ. समोरच्या ब्लॉकमधल्या वहिनींची गॅलरी पूर्वेला आहे, काकूंनी त्यांच्याशी बोलून ठेवलंय, त्यांच्याकडे मांजर नाही हे आधी विचारून घेतलं. त्या हो म्हणाल्यात, पण एक दांडा त्यांच्याकडेच फुलला पाहिजे या अटीवर. म्हणून येत्या फेब्रुवारीत केशरीचे आणखी दोन भाग करायचे ठरतंय, एक वहिनींचा.